मी वाजवत नसतो तेव्हा

तीर्थरूप बाबांना आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याला जावयाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. माझं पोट आणि माझं वाद्य या दोहोंचा घेर पाहता प्रत्यक्षात घातला, तर उठवायला माणसं बोलवावी लागतील.)

इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. तुमची खुशाली मात्र आम्हाला दोन ठिकाणांहून कळते आणि त्या दोन्ही बातम्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. तुम्ही फोनवर 'एकदम ठणठणीत' म्हणता. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई सांगतात की तुम्ही हल्ली जिना पाठमोरे उतरता, दोन्ही हातांनी कठडा धरून, आणि वाटेत कुणी भेटलं की वर काहीतरी विसरल्यासारखा चेहरा करून थांबता. तुम्ही न्हाणीघरात पडलात हेही त्यांच्याकडूनच समजलं. तुमच्याकडून फक्त 'बादली फुटली' एवढीच बातमी आली होती. बादली आपोआप फुटत नाही हे तुमच्या लेकीला लहानपणापासून ठाऊक आहे (तुम्हीच शिकवलंत), त्यामुळे तिने शिंपीणबाईंना खोदून खोदून विचारलं.

मग तिने तुम्हाला फोन करून कायमचं इकडे या म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तिथे येऊन मी नुसता बसून काय करू?" आणि फोन ठेवलात. तिने फोन ओट्यावर उपडा ठेवला. नंतर मला म्हणाली, "आता हा विषय काढायचा नाही. मीही नाही, तूही नाही. त्यांना वाटतं आपण त्यांची कीव करतोय." तेव्हा तो विषय या पत्रात येणार नाही. तसा मी तिला शब्द दिला आहे. हे पत्र निव्वळ ट्यूबाविषयी, म्हणजे माझ्या त्या पितळी वाद्याविषयी आहे.

तुम्हाला ट्यूबाविषयी वाचण्यात काडीचाही रस नाही याची मला कल्पना आहे. पण लग्नाच्या बोलण्यांपासून तुम्ही मला एक प्रश्न विचारत आला आहात, आणि त्याचं उत्तर मला आत्ता आत्ता सापडलं आहे. प्रश्न असा की, "जावईबापू, तुम्ही तिथे नक्की करता काय?" तुमचं म्हणणं रास्त होतं. तुम्ही बाटल्यांच्या कारखान्यात पाळीचे सुपरवायझर. तुमच्या पाळीत बसलेला माणूस दिसला की तुम्ही त्याच्या हातात झाडू द्यायचात, असं तुमचे जुने लोक अजूनही अभिमानाने सांगतात. (अभिमानाने म्हणजे दुरून.) असा माणूस आयुष्यात एकदाच आमच्या कार्यक्रमाला आला, शेजाऱ्याची दुर्बीण मागून आणून सज्जात बसला, आणि त्याने पाहिलं काय? सगळा वाद्यवृंद घाम गाळतोय, व्हायोलिनवाल्यांची मनगटं मोडायची वेळ आली आहे, आणि मागच्या रांगेत आपला जावई हात गुडघ्यांवर ठेवून बसला आहे. मग त्याने चष्मा पुसला. मग पुन्हा हात गुडघ्यांवर ठेवले. मग त्याने ते पितळेचं भलंमोठं धूड उलटं करून त्यातलं पाणी जमिनीवर सांडलं. मग अगदी शेवटी दोनचार वेळा भों केलं आणि उठून टाळ्या घेतल्या. घरी आल्यावर तुम्ही कै. आईंना जे सांगितलंत ते मी दाराआडून ऐकलं आहे. "बसतात, सांडतात आणि उठतात," असं तुम्ही म्हणाला होतात. (ते पाणी म्हणजे लाळ नव्हे, बाबा. श्वासाची वाफ थंड होऊन नळीत साठते. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण दाराआड उभं असताना खुलासे करता येत नाहीत.)

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे नव्या व्यवस्थापक बाई आल्या. आधी त्या फळांच्या शीतगृहात होत्या. त्यांना कुजणारी पेटी वासावरून ओळखता येते असं म्हणतात. पहिल्याच आठवड्यात त्या तालमीला येऊन मागे भिंतीशी उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर फिरत फिरत नेमकी माझ्यावर येऊन थांबली. मी अर्थातच हात गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो. बाबा, मला क्षणभर वाटलं, साडी नेसून तुम्हीच आलात. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. बाई स्पष्ट पण चांगल्या बोलल्या. बऱ्याच कार्यक्रमांत ट्यूबा जवळजवळ नसतोच, काहींत तर मुळीच नसतो, मग कायमचा माणूस कशाला? लागेल तेव्हा बोलावू. मी म्हटलं, ट्यूबाला भरपूर काम असलेल्या रचनाही आहेत. बाई म्हणाल्या, "मग दाखवा की एक. आपण लावू ती कार्यक्रमात. लोकांना आवडली तर बघू."

मी मोठ्या तोऱ्यात 'हो' म्हणून बाहेर पडलो आणि जिन्यात माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण प्रसिद्ध रचनांत ट्यूबाची अवस्था लग्नात केटररच्या माणसाची असते. तो असतो, पण फोटोत नसतो. म्हणजे मला अप्रसिद्धांकडे जाणं भाग होतं. आमच्या रंगमंचाखाली एक तळघर आहे, तिथे कुणी न मागितलेल्या रचनांचे गठ्ठे पडलेले असतात आणि त्यांच्यावर एक गृहस्थ नेमलेले आहेत. त्यांना सगळे पोथीवाले म्हणतात. त्यांना धुळीचं वावडं आहे. ते एक गठ्ठा काढत, पाच शिंका देत, आणि 'हे नकोच असेल ना?' असं आशेने विचारत. असं आम्ही बरेच दिवस शोधत होतो.

बाबा, अप्रसिद्ध संगीतकार हा एक वेगळाच समाज आहे. मला त्यांच्याविषयी फार माया वाटायला लागली. बहुतेकांनी ट्यूबा वापरला आहे, पण कशासाठी? एकाने समुद्रावर लिहिलं आहे. त्यात ट्यूबा म्हणजे बुडणारं मालवाहू जहाज. पहिल्या पानापासून बुडायला लागतं ते शेवटपर्यंत बुडतच असतं. बाकीची वाद्यं लाटा, वारा, पक्षी होऊन मजा करतात. एकाने प्राणिसंग्रहालयावर लिहिलं आहे, त्यात ट्यूबा म्हणजे झोपलेला पाणघोडा. (वाजवायला कठीण. घोरल्यासारखं वाजवावं लागतं आणि लोकांना वाटतं खरंच वाजवता येत नाही.) एकाने न्यायालयावर लिहिलं आहे, त्यात ट्यूबा न्यायाधीश. त्याला फक्त 'नाही' म्हणायचं आहे. आणखी एका रचनेत ट्यूबा म्हणजे सासू. ती मी पाहताक्षणी परत गठ्ठ्यात घातली. आई असत्या तर सगळ्यांत जास्त त्याच हसल्या असत्या, हे खरं आहे, पण माझी हिंमत झाली नाही.

मी विचार करत होतो की असं का? नाटकात जाड्या माणसाला जसं नेहमी खादाडाचंच काम मिळतं, तसं खालच्या सुराला नेहमी बुडणारं, झोपणारं किंवा अडवणारंच काम. कुणी त्याला एक साधं गाणं द्यावं असं कुणाच्याच मनात आलं नसेल का? आणि तेव्हाच पोथीवाल्यांनी अगदी खालचा गठ्ठा काढला, शिंक आली म्हणून टाकला, आणि तो माझ्या पायावर पडला. कुठल्याशा गावातल्या प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवणाऱ्या एका गृहस्थाने लिहिलेली ती सिम्फनी, म्हणजे चार भागांची लांबलचक रचना. आयुष्यात तेवढी एकच. पहिल्या पानावर अर्पण होतं, 'माझ्या बायकोच्या भावास, घरात शांतता नांदावी म्हणून.' मेहुणा ट्यूबा वाजवत असणार हे उघड होतं, कारण सिम्फनीचा संथ भाग जवळजवळ सगळाच्या सगळा ट्यूबाला दिला होता. बुडायचं नाही, घोरायचं नाही. चाल होती. साधी, लांब, जाड माणूस जिना चढताना जिथे जिथे थांबेल तिथे तिथे थांबणारी. त्याने मेहुण्याला चालताना नीट पाहिलं होतं, बाबा. श्वास कुठे लागेल हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मी तळघरात उभ्या उभ्या ती चाल डोळ्यांनीच वाचली आणि मला चष्मा पुसावा लागला. (पोथीवाले म्हणाले, धूळ आहेच तशी.)

घरी सराव सुरू झाला. ट्यूबाचे खालचे सूर कानाने कमी आणि फर्निचरने जास्त ऐकू येतात. एका विशिष्ट सुराला कपाटातले काचेचे पेले कुजबुजायला लागतात. दुसऱ्या एका सुराला तुमच्या नातीची पेन्सिल टेबलावरून चालत कडेला जाते आणि खाली पडते. तिने आता त्यावरून अभ्यास न करण्याचं कारण तयार केलं आहे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त दंतवैद्यांना वाटलं की कुणी पाण्याचा पंप चालू ठेवून विसरलंय. ते खाली जाऊन पंप बघून यायचे, तो बंदच असायचा. त्यांनी पंपवाल्याला बोलावलं, पंपवाल्याने पंप उघडला, पुन्हा लावला आणि सांगितलं की आता आवाज येणार नाही. तेवढ्यात मी जेवायला बसलो होतो, त्यामुळे आवाज खरोखरच थांबला. पंपवाल्याची आमच्या इमारतीत आता मोठी पत आहे.

तालमीचा दिवस उजाडला. व्यवस्थापक बाई तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या. आता तुम्हाला माझे शेजारी समजायला हवेत. माझ्या उजव्या हाताला तीन ट्रॉम्बोनवाले (नळी पुढेमागे सरकवत वाजवतात ते) बसतात, थोरले, मधले आणि धाकटे. (हे वयावरून नाही, मानावरून आहे.) थोरल्यांचा असा लौकिक की त्यांना मोजावं लागत नाही, संगीत त्यांच्या रक्तातच मोजलं जातं. मोजणं म्हणजे काय तेही सांगतो. आमच्या रांगेतल्या माणसांच्या कागदावर बहुतेक वेळ सूर नसतातच. एक जाड आडवी रेघ असते आणि तिच्यावर आकडा. तेवढी मापं, म्हणजे तालाची आवर्तनं, गप्प बसायचं आणि मग नेमकं शिरायचं. समोर संचालक, म्हणजे तुमचे 'काडीवाले', हात हलवत असतात, पण त्यांना साऱ्या जगाकडे बघायचं असतं, त्यामुळे ते प्रत्येकाला खूण करतीलच असं नाही. तेव्हा आपलं आपण मोजायचं. तुम्ही दुर्बिणीतून पाहिलंत ना हात गुडघ्यांवर? त्या हातांची बोटं हलत होती, बाबा. सज्जातून ती दिसत नाहीत.

संथ भाग सुरू झाला. पहिल्याच ओळीपासून मला वाजवायचं होतं. मी हातरुमाल मांडीवरून उचलून खिशात घातला, ट्यूबा वर घेतला, श्वास भरला. आणि मी सूर लावतो न लावतो तोच उजवीकडून तिन्ही ट्रॉम्बोन असे काही कडाडले की पुढच्या बासरीवाल्या बाईंनी खांदे वर घेऊन डोकं खाली घातलं. ट्रॉम्बोन उठले म्हणून झांजवाला उठला आणि त्याने झांज हाणली. झांज वाजली म्हणजे शेवट आला असं समजून हार्पवाल्या बाईंनी पान उलटलं. संचालकांनी काडी खाली ठेवली. ट्रॉम्बोनवाल्यांना या भागात अगदी शेवटाकडे, चाल शिगेला पोचते तिथे, फक्त एकदा शिरायचं होतं. त्यांच्या कागदांवर त्याआधी नुसत्या रेघा होत्या. (पूर्वी कधीतरी ज्यांनी ही सिम्फनी वाजवली त्यांनी त्या रेघांवर फुलीगोळा खेळून ठेवला आहे. गोळेवाला जिंकला.)

थोरले म्हणाले, पान चुकून वेगळं लागलं. पुन्हा सुरुवात केली. मी रुमाल खिशात घातला, ट्यूबा उचलला, आणि पुन्हा तेच. आता मात्र संचालक भडकले आणि त्यांनी तिघांना बजावलं की मरेपर्यंत वाजवलं नाही तरी चालेल, पण आधी वाजवायचं नाही. तिसऱ्या वेळी ते तिघे असे गप्प बसले की मला माझी चाल पहिल्यांदा पूर्ण ऐकू आली. ती काय सुंदर चाल आहे, बाबा! मी स्वतःच वाजवतोय हे विसरलो. चढत चढत ती शिखराशी पोचली, व्हायोलिनं ताणली गेली, ढोलवाल्याने दणका दिला, आणि तिथे जो तिन्ही ट्रॉम्बोनांचा डोंगर उभा राहायचा होता तिथे काहीच नाही. नुसता ढोल. कुलूप असलेल्या घराचं दार कुणी ठोठावत राहावं तसा तो वाजत राहिला. तिघे ट्रॉम्बोन मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसले होते. त्यांच्यामागे झांजवाला दोन्ही हात वर करून उभा होता आणि त्यांच्याकडे बघत होता. चाल संपली तरी त्याचे हात तसेच वर.

संचालकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्या रांगेत मोजतं कोण?"

 मग धाकट्याने (त्याला अजून अब्रूची सवय झालेली नाही) मान खाली घालून माझ्याकडे बोट केलं. आणि मग ते सगळं बाहेर पडलं. गेली कित्येक वर्षं त्या तिघांपैकी कुणीही एकसुद्धा माप मोजलेलं नाही. मी रुमाल खिशात घातला की ते ओठ ओले करतात, मी ट्यूबा उचलला की ते ट्रॉम्बोन उचलतात, मी श्वास घेतला की ते शिरतात. कारण आमचं बहुतेक वेळा एकत्रच शिरणं असतं. झांजवाला त्यांच्याकडे बघतो. हार्पवाल्या बाई झांजवाल्याकडे. हॉर्नवाल्यांपैकी एकाने तर कबूल केलं की माझी बोटं गुडघ्यावर थांबली की तो पान उलटतो. थोरल्यांच्या रक्तात जे मोजलं जात होतं ते माझ्या रुमालात होतं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं, बाबा. शप्पथ सांगतो. मला कुणी कधी सांगितलं नाही, कारण त्यांनाही ते धड माहीत नव्हतं. ते आपोआप होत होतं. आणि नेमकी ही पहिली रचना, जिच्यात मी सुरुवातीलाच ट्यूबा उचलतो आणि खाली ठेवतच नाही.

चहाच्या सुट्टीत व्यवस्थापक बाई माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही वाजवत नसता तेव्हा मोजत असता."

मी म्हटलं, हो.

"कुणासाठी?"

मी म्हटलं, मला वाटायचं माझ्यासाठी.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या की शीतगृहात एक जुना पंखा होता, त्याने गार वारा येत नाही म्हणून त्यांनी तो काढायला लावला होता, आणि आठवड्याभरात दोन खोल्या माल गेला. तो पंखा गार करत नव्हता, हवा फिरवत होता. "तुमची खुर्ची कायम," त्या म्हणाल्या. "वाजवा, न वाजवा." मला पंखा म्हटलेलं लावून घ्यावं की नाही हे मी ठरवलं नाही. मला फार बरं वाटलं, एवढं खरं. घरी चालत आलो. एवढी वर्षं मी तुमचाच हिशेब खरा धरत आलो होतो. ज्या वेळात मी वाजवत होतो तेवढंच माझं काम आणि उरलेला वेळ फुकट, म्हणून त्या उरलेल्या वेळाची मला चोरट्यासारखी लाज वाटायची. तुमचं ते बोलणं दाराआडून ऐकलं म्हणून नव्हे. मलाही आतून तसंच वाटायचं. आता वाटतं, ती जी रेघ असते ना कागदावर, आकडा घातलेली, तेही वाजवणंच आहे. मी तिथे असतो आणि लक्ष देऊन असतो, एवढ्यावर सगळ्यांचं चाललेलं असतं. त्या ऑर्गनवाल्याने मेहुण्याला चाल दिली, पण त्या मेहुण्याचं खरं मोल त्याच्या संथ भागात नसून इतर तीन भागांत असणार, जिथे तो नुसता बसून होता. तेवढं मात्र त्याला अर्पणपत्रिकेत लिहिता आलं नाही.

तर हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी तिथे बसतो, बाबा. हेच मी तिथे करतो.

आता राहिली अडचण. सिम्फनी तर लागली आहे, येत्या महिन्याच्या अखेरीस कार्यक्रम आहे, जाहिरातही झाली. पण मी वाजवत असताना त्या तिघांसाठी मोजणार कोण? संचालकांनी तोडगा काढला की त्यांच्या शेजारी एक जादा खुर्ची टाकायची, तिच्यावर काळे कपडे घातलेला एक माणूस बसवायचा, त्याने गुडघ्यांवर हात ठेवून मापं मोजायची आणि वेळ झाली की मांडीवरचा रुमाल उचलून खिशात घालायचा. व्यवस्थापक बाईंनी कपाळाला हात लावला. "एक बसलेला माणूस कमी करायला मी आले," त्या म्हणाल्या, "आणि आता आणखी एक बसवू?" पण त्यांनी मान्य केलं. माणूस अजून ठरलेला नाही. पोथीवाल्यांना विचारलं, पण ते शिंकतील.

बाकी सर्व क्षेम. शिंपीणबाईंना आमचा नमस्कार सांगा. नवी बादली पत्र्याची घ्या. गुडघ्याला शेक द्या आणि जिन्यात काही विसरल्यासारखं करू नका.

तुमचा आज्ञाधारक (वाजवत असताना आणि नसतानाही)
जावई

ता. क. : मघाशी जी खुर्ची म्हटली तिच्यासाठी मी तुमचं नाव सुचवलं आहे. रागावू नका. पट्ट्यावरून धावणाऱ्या बाटल्या तुम्ही वर्षानुवर्षं नजरेने मोजल्यात आणि एकही सुटू दिली नाहीत, हे मी संचालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी 'हाच माणूस हवा' म्हटलं. काळा कोट तुमच्याकडे आहेच, लग्नातला. रुमाल मी देईन. तुम्हाला काही वाजवायचं नाही. तुम्ही नुसतं बसायचं आहे, पण ते तुमच्याशिवाय जमणार नाही. तालमींसाठी चार आठवडे आधी यावं लागेल. सज्जातून नव्हे, या वेळी रंगमंचावरून माझी बोटंही नीट दिसतील.

ता. क. आणखी : तुमच्या लेकीने पत्र वाचलं. 'तुझ्या थापा बाबांपुढे चालत नाहीत, खरं ते लिही,' म्हणाली. तेव्हा खरं लिहितो. काल तालीम झाली. थोरले टेबलाखाली लपवावीत तशी ट्रॉम्बोनच्या आड बोटं मोजत होते. मधले ओठ हलवत होते. धाकटा उघडपणे. तिघेही अगदी बरोबर शिरले, झांज वेळेवर वाजली, आणि शिखरावर तो डोंगर असा उभा राहिला की माझ्या अंगावर काटा आला. जादा खुर्ची काढून टाकली आहे. रंगमंचावर जागा नाही, बाबा. मी ते लपवत होतो.

जागा आमच्या खिडकीपाशी आहे. मागच्या थंडीत तुम्ही महिनाभर त्या वेताच्या खुर्चीत बसून होतात आणि जाताना म्हणालात, 'इथे मी काही कामाचा नाही.' तुम्ही चष्मा डोळ्यांवर चढवलात की नात न सांगता दप्तर उघडायची. तुम्ही चष्मा काढून त्याची घडी घातलीत की हिला कळायचं, जेवायची वेळ झाली. तुम्ही पाय खाली घेतलेत की मी ट्यूबा ठेवून झोपायला उठायचो. यातलं काही आम्ही कधी ठरवलं नव्हतं आणि तुम्हीही नाही. तुम्ही गेल्यापासून रोज दूध उतू जातं, नातीची बस चुकते, आणि आम्ही दोघं एकमेकांवर चुकीच्या जागी ओरडतो. ट्रॉम्बोनवाले मोजायला शिकले. आम्हाला अजून जमलेलं नाही. विषय काढणार नाही असा शब्द दिला होता तो मी मोडला. हिने पत्र वाचूनही हा मजकूर खोडलेला नाही, एवढं ध्यानात घ्या.

ता. क. शेवटचं : सोबत तुमचं तिकीट आहे, खालच्या बर्थचं. तिकीटखिडकीवरच्या माणसाने विचारलं, परतीचं कधीचं देऊ? मी म्हटलं, नको.